अश्विनीला झोपायचं नव्हतं

वडगावच्या बाजारात भाजी घेताना कधीकधी माझ्या शेजारी अशी एखादी बाई उभी असते, जिच्या पोटातली पित्ताची पिशवी काढताना तिचा श्वास सबंध वेळ माझ्या हातात होता. मी तिला लगेच ओळखते. ती माझ्याकडे बघून म्हणते, "ताई, जरा सरकता का?" आणि कोथिंबिरीच्या जुड्या चाचपायला लागते. मी सरकते. तिला सर्जन आठवतात, टाके काढणारी सिस्टर आठवते, डबा आणून देणारी नणंदही आठवते. मी आठवत नाही. सुरुवातीला याचं जरा वाईट वाटायचं. मग कळलं, आमच्या कामाची पावतीच ती आहे. भूल नीट दिली गेली तर पेशंटला काही आठवत नाही, आणि आमचं काम पेशंटला आठवतंय म्हणजे कुठंतरी काहीतरी फसलेलं असतं.

मी भूलतज्ज्ञ. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंतच्या लहानमोठ्या दवाखान्यांत भूल देत माझी उमर गेली. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. आमच्यातल्या पुष्कळांचं नसतं. फोन आला की बॅग गाडीत टाकायची आणि निघायचं. सकाळी वडगाव, दुपारी कामशेत, मध्येच लोणावळ्याचं बोलावणं. माझे अब्बा वडगावात घड्याळं दुरुस्त करायचे. शेजारपाजारच्या बायका अम्मीला विचारायच्या, "तुमची नसीम नेमकी कसली डॉक्टर?" अम्मी सांगायची, "ती लोकांना झोपवते." त्यावर एकीनं अगदी मनापासून विचारलं होतं, "मग अंगाई पण म्हणावी लागते का हो?"

आता वाटतं, त्या बाईला आमचं काम बऱ्यापैकी समजलं होतं.

लोकांची समजूत अशी, की भूलवाले डॉक्टर येतात, सुई टोचतात आणि जातात. प्रत्यक्षात ऑपरेशन संपून पेशंट पुरता सावध होईपर्यंत आम्ही त्याच्या उशाशी असतो. नाडी, रक्तदाब, श्वास, रक्तातला प्राणवायू, सगळ्यावर नजर ठेवून. पण या सगळ्याआधी थोडा वेळ असा असतो, की पेशंट टेबलावर आडवा पडलेला असतो, वरचा दिवा डोळ्यांवर येत असतो, खोली गार असते, आणि औषध अजून सुरू झालेलं नसतं. त्या वेळात त्याच्याशी जे बोलायचं, ते कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. ते मला माझ्या पेशंटनीच शिकवलं.

"घाबरू नका" हे वाक्य मी एका आबांमुळं सोडलं. परंदवडीचे आबा, हर्नियाचं ऑपरेशन. टेबलावर निवांत पडून छताकडं बघत होते. मी सवयीनं म्हटलं, "आबा, घाबरू नका हं."

आबा दचकून माझ्याकडं वळले. "मी कुटं घाबरलोय? आता तुमी म्हनल्यावर वाटाया लागलं, घाबराया पायजे का काय!"

त्यांचा रक्तदाब खरोखरच वाढला. तो खाली यावा म्हणून मला त्यांच्या म्हशींची चौकशी करत बसावं लागलं. कुठली किती दूध देते, कुठली लाथ मारते, सगळं. तेव्हापासून मी कुणाला घाबरू नका म्हणत नाही.

लोणावळ्याचे एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर होते. घाट चढताना गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं जोडतात, त्यांवर त्यांची सगळी नोकरी झालेली. मी त्यांना कमरेखालच्या भुलीबद्दल सविस्तर सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "ते ठीक आहे मॅडम. पण इंजेक्शन दिल्यावर तुम्ही कुठल्या स्टेशनला उतरणार?"

"उतरत नाही. तुम्हाला वॉर्डात पोचवेपर्यंत मी सोबत असते."

"म्हणजे घाट संपेपर्यंत?"

"घाट संपेपर्यंत."

"मग होऊ द्या सुरू," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. त्यांना धोका किती, औषध कुठलं, यातलं काही विचारायचं नव्हतंच. मागं कुणी आहे ना, एवढंच हवं होतं.

आणि एक आजी. मी इंजेक्शन देण्याआधी मनातल्या मनात बिस्मिल्लाह म्हणते. ओठ हलत असावेत. आजींनी पकडलं. "काय पुटपुटलीस गं?"

"देवाचं नाव घेतलं आजी."

"घे, घे. मी माझ्याचं घेतलंय, तू तुझ्याचं घे. दोगं असल्यालं बरं."

अशा माणसांमुळं मला वाटायला लागलं होतं, की आपल्याला बोलता येतं. भेदरलेल्या माणसाला दोन शब्दांत शांत करण्यात आपला हात धरणारं या पट्ट्यात कुणी नाही, असा थोडा तोराही होता. सर्जन मंडळीही म्हणायची, नसीम मॅडम नुसत्या बोलल्या तरी निम्मी भूल चढते. मग अश्विनी आली, आणि माझं सगळं बोलणं एका सकाळी निकामी झालं.

अश्विनी नवलाख उंबरे गावची. वय पंचविशीच्या आसपास. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले होते. पुण्यात कर्णबधिरांच्या शाळेत शिकली, तळेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची आणि स्वतः बोलायचीही, पण तिचं बोलणं घरच्यांनाच नीट कळायचं. नवरा योगेश कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. तो पहिल्या पाळीच्या फेरीवर गेलेला, त्यामुळं तिच्यासोबत सासू होत्या, हौसाबाई. अंगानं काटक, पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी.

बाळ पायाळू होतं. म्हणजे डोकं वर आणि पाय खाली. त्यामुळं सिझेरियन ठरलेलं होतं. ऑपरेशन करणारी डॉ. वैशाली माझी जुनी मैत्रीण, तिचं वडगावात लहानसं प्रसूतिगृह आहे. मी पोचले तेव्हा अश्विनीला थिएटरमध्ये घेतलेलं होतं. मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं, की तिला ऐकू येत नाही. सांगितलं असतं तरी मी वेगळं काय केलं असतं, कोण जाणे.

सिझेरियनला आम्ही शक्यतो पाठीच्या कण्यात भूल देतो. पेशंटला बसवायचं, पाठ मांजरासारखी बाक काढून वाकवायला सांगायची, दोन मणक्यांच्या मधल्या जागेत बारीक सुई घालायची. थोड्या वेळात पाय गरम आणि जड होतात, मग कमरेखालचं दुखणं बंद. पेशंट पूर्ण जागा असतो. आईला बाळाचं रडणं ऐकू येतं, लगेच बघता येतं, आणि आई-बाळ दोघांनाही ही पद्धत सुरक्षित. मात्र सुई जाताना पेशंटनं हलता कामा नये.

आता तिच्या बाजूनं बघा. खोलीत सगळ्यांच्या तोंडावर मास्क. म्हणजे तिच्या दृष्टीनं खोलीतल्या एकाही माणसाला तोंडच नाही. सिस्टरनं तिचे खांदे धरले आणि पुढं वाकवलं. मी मागं. मी माझं नेहमीचं बोलणं सुरू केलं होतं, की आता गार लागेल, औषधानं पुसतेय, अगदी छान बसलीयस. ते सगळं तिच्या पाठीला सांगत होते मी. गार कापूस लागला मात्र, ती किंचाळली, सिस्टरला ढकललं, टेबलावरून उतरली आणि सलाइनची नळी ओढत दारापर्यंत गेली. हातातली सुई निघाली, फरशीवर रक्ताचे थेंब पडले. दाराशी हौसाबाई होत्या, त्यांना तिनं मिठी मारली आणि काही केल्या सोडेना.

वैशालीनं हातमोजे काढले. "नसीम, कळा सुरू झाल्यात तिला. पाय खाली आहेत, पाण्याची पिशवी फुटली आणि नाळ सटकली तर बाळ हाती लागायचं नाही. मी ओपीडीतले दोन पेशंट बघून येते, तेवढ्यात तिला समजाव. नाहीच ऐकलं तर सरळ जनरल दे."

जनरल म्हणजे पूर्ण बेशुद्ध करणं. ते करता आलं असतं. घाईच्या वेळी करावंच लागतं. आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तेच सोपं वाटलं. झोपवली की प्रश्न मिटला.

बाहेरच्या खोलीत अश्विनी खाटेवर अंग आक्रसून बसली होती. मी हौसाबाईंना म्हटलं, "मावशी, ती सुईला घाबरते का?"

"सुईला न्हाई घाबरत ती. मशीनवर बोट फाटलं तवा टाके घालून घेतले तिनं, हूं का चूं केलं न्हाई."

"मग काय झालं?"

हौसाबाईंनी सुनेकडं पाहिलं. ती आमच्या दोघींच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती. मावशींनी तिच्याकडं हातानं खूण केली, सांगू का, अशी. तिनं मान हलवली.

"आदी एक झालं हुतं तिला," मावशी म्हणाल्या. "हितं न्हाई, माहेराकडं, दुसऱ्या दवाखान्यात. तवा बी असंच आत नेली, झोपवली. ती उठली तर पोर न्हाई. पोटातच गेलं हुतं वो. पन तिला कुनी सांगंनाच. डाक्टर आमच्याशी बोलायचं, आमी एकमेकांत बोलायचो, ही नुसती आमच्या तोंडाकडं बगायची. आमी तोंडं फिरवायचो. तिला कोन सांगनार? ती हातानं इचारायची, बाळ कुटं? मी म्हनायची, आनत्यात. सबंद दिस गेला तसा. मीच म्हनायची, आनत्यात म्हून."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. अश्विनीनं त्यांचा हात धरला होता, तो तसाच होता.

मला तेव्हा समजलं. सुई पाठीत गेली की आपल्याला झोप लागणार, आणि जाग येईल तेव्हा पुन्हा सगळे तोंडं फिरवतील, हे तिचं भय होतं. आणि आम्ही काय करायला निघालो होतो? अगदी तेच.

मी मास्क काढला. खाटेसमोर स्टूल ओढून तिच्या तोंडासमोर बसले. मला सावकाश बोलायची सवय नाही, पण बोलले. "अश्विनी, मी तुला झोपवणार नाही."

तिनं माझ्या ओठांकडं बघितलं, मग मावशींकडं. मावशींनी खुणेनं पुन्हा सांगितलं. झोप नाही.

अश्विनी काहीतरी बोलली. मला कळलं नाही. मावशी म्हणाल्या, "ती म्हनती, खोटं."

"खोटं नाही. सुई पाठीत. पाय झोपतील." मी माझ्या पायांवर हात मारून दाखवला. "तू जागी. डोळे उघडे. सगळं बघशील."

ती बराच वेळ माझा चेहरा वाचत होती. पेशंटच्या चेहऱ्यावरून त्याचं दुखणं ओळखायची मला सवय आहे. माझा चेहरा असा कुणी तपासला नव्हता. मग ती पुन्हा बोलली, आणि या वेळी बोटानं स्वतःकडं आणि माझ्याकडं दाखवलं.

"ती इचारती," मावशी म्हणाल्या, "बाळाला कायबी झालं, तर तिला सांगनार का? लगी? कुनाच्याबी आदी?"

आमच्या पेशाची उलटी शिकवण असते. ऑपरेशन चालू असताना आईला घाबरवायचं नाही. सगळं ठीक आहे, छान चाललंय, असं म्हणत राहायचं आणि एकीकडं हात चालवायचे. मी ते वाक्य आयुष्यभर म्हणत आले होते आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरलं होतं. पण या मुलीला "ठीक आहे" नको होतं. "ठीक आहे" म्हणणाऱ्या माणसांनीच तिला एक सबंध दिवस बसवून ठेवलं होतं.

"सांगेन," मी म्हटलं. "जे असेल ते. लगेच. तुला आधी."

तिनं पाय खाली सोडले.

पुढचा प्रश्न मास्कचा. पाठीत सुई घालताना माझ्या तोंडावर मास्क हवाच, आणि मी तर तिच्या मागं असणार. समोर कुणीतरी उघड्या चेहऱ्याचं पाहिजे. सिस्टरला आठवलं, की कोरोनात वापरलेली पारदर्शक फेसशील्डं माळ्यावर पडून आहेत. तिनं खोकं काढलं, दोन धुऊन पुसून आणली. एक माझ्यासाठी, सुईचं काम झाल्यावर उशाशी उभं राहताना घालायला. दुसरं हौसाबाईंना.

वैशाली परत आली तर थिएटरमध्ये हिरवा गाऊन, टोपी आणि फेसशील्ड घातलेल्या हौसाबाई उभ्या. "हे काय? नसीम, या चक्कर येऊन पडल्या तर मी कुणाला सांभाळू?"

मी काही म्हणायच्या आत मावशीच म्हणाल्या, "बाई, गाईच्या पोटात हात घालून वासरू वढून काडलंय म्या. तुमी तुमचं करा, मी माझ्या सुनंला बगती."

वैशाली हात धुवायला गेली.

अश्विनीच्या दुसऱ्या हाताला पुन्हा सलाइन लावून तिला टेबलावर बसवलं. समोर मावशी. मी मागून बोलायचं, मावशींनी ते ओठांनी आणि हातांनी समोरून सांगायचं. गार लागेल. वाकून बस. आता टोचेल. हलू नको. हे सगळं वाचून झाल्यावर अश्विनीनं कपाळ सासूच्या काचेसारख्या शील्डला टेकवलं. पाठीचा एक स्नायू हलला नाही. माझ्या हातून इतकी सहज सुई फार वेळा गेलेली नाही.

तिला आडवं केलं, मी मास्क उतरवून शील्ड चढवलं आणि तिच्या उशाशी गेले. तिनं पायांकडं बघून डोळे मोठे केले. गरम? मी ओठांनी विचारलं. तिनं मान हलवली. जड? हो. मग मी वैशालीला खूण केली.

पोटावर पडदा असतो, त्यामुळं पेशंटला पलीकडचं दिसत नाही. अश्विनीला दिसत होते दोनच चेहरे, माझा आणि मावशींचा. ती माझ्यावरून नजर काढत नव्हती. मॉनिटरकडं बघायला मी मान वळवली तरी तिच्या नाडीचा आकडा वाढायचा. म्हणून मी मॉनिटरच सरकवून तिच्या डोक्यामागं घेतला, म्हणजे एका नजरेत दोन्ही दिसावं. मी तिला एकेक सांगत होते. पोट उघडलं. दाबल्यासारखं होईल. ओढल्यासारखं होईल. आता पाय हातात आले.

पायाळू बाळाचं डोकं शेवटी येतं, आणि तिथंच जीव टांगणीला लागतो. वैशालीचे खांदे ताठ झाले. मग वैशाली म्हणाली, "आलं," आणि बाळ शेजारी थांबलेल्या बालरोगतज्ज्ञांच्या हातात गेलं.

रडणं आलं नाही.

बाळ निळसर आणि मऊ पडलेलं होतं. ते कोपऱ्यातल्या गरम दिव्याखाली ठेवलं गेलं. पाठ चोळणं, नाकातोंडातला स्राव ओढणं, हे सगळं रोजचं असतं आणि बहुतेक बाळं थोड्याच वेळात रडतात, हे मला माहीत होतं. आणि तेव्हाच अश्विनीनं ओठ हलवले. हा शब्द मला मावशींशिवाय कळला.

"बाळ?"

तोंडावर मास्क असता, तर मी त्याच्या आड काही क्षण काढले असते. काचेच्या मागं माझं सगळं तोंड उघडं होतं. मी वाकले आणि सांगितलं. "बाहेर आलं. मुलगी आहे. अजून रडली नाही. डॉक्टर तिला श्वास देतायत."

मला वाटलं होतं, ती उठू बघेल, किंचाळेल. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि मान हलवली. समजलं, अशी. तिच्या नाडीचा आकडा वाढला, पण ती पडून राहिली. कुणीतरी खरं सांगितल्यावर माणूस किती सहन करू शकतो, हे मी त्या टेबलावर पाहिलं. मी कोपऱ्यातलं बघत होते आणि तिला सांगत होते. तिच्या तोंडाला हवेचा मास्क लावला. छाती हलतेय. रंग येतोय.

आणि मग ती रडली. आधी मांजरीच्या पिलासारखी, आणि लगेच अशी काही, की सगळं थिएटर दणाणलं. सिस्टर हसली. वैशालीनं पडद्यापलीकडं इतका मोठा श्वास सोडला, की मला ऐकू आला. आणि हौसाबाईंनी इतका वेळ धरून ठेवलेला बांध फुटला. त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. शील्ड आतून वाफेनं भरलं, टोपी तिरकी झाली, तरी थांबेनात.

अश्विनीला बाळाचं रडणं ऐकू येत नव्हतं. तिला दिसलं फक्त सासूचं रडणं.

तिचा चेहरा विझला. मी घाईघाईनं वाकून म्हटलं, "रडतेय! अश्विनी, रडतेय!" तिनं माझे ओठ बरोबर वाचले, आणि मावशींकडं बघितलं. हो, रडतेय. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडं ओघळायला लागलं. मला माझी चूक समजली, पण दुसरा शब्द सुचेना. मी "बाळ, बाळ" म्हणत होते, मावशी हुंदक्यांतून मान हलवत होत्या, आणि जितकं आम्ही समजावत होतो तितकी ती आमच्यापासून लांब जात होती. आयुष्यभर ज्या बोलण्याच्या जोरावर मी मिरवले, त्यातला एक शब्द माझ्या मदतीला येईना.

"डॉक्टर, बाळ इकडं द्या," मी ओरडले. "आत्ता. पुसू नका, तसंच द्या."

बालरोगतज्ज्ञ समजूतदार गृहस्थ होते. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ त्यांनी तसंच आणलं. मी दुपटं बाजूला केलं, अश्विनीचा सलाइन नसलेला हात टेबलाला बांधला होता त्याचा पट्टा सोडवला, आणि तिचा तळवा बाळाच्या छातीवर ठेवला.

पोरगी जीव खाऊन रडत होती. इवलीशी छाती प्रत्येक हंबरड्याला थरथरायची, मध्ये श्वास घ्यायला थांबायची, पुन्हा थरथरायची. अश्विनीचा हात आधी नुसताच पडला होता. मग बोटं पसरली. तिनं डोळे मिटून घेतले, जसं आपण लांबून येणारा आवाज नीट ऐकू यावा म्हणून मिटतो. बाळ थांबलं की ती वाट बघायची. पुन्हा सुरू झालं की तिच्या भुवया वर जायच्या.

मग ती हसली आणि काहीतरी बोलली. मी मावशींकडं पाहिलं. मावशींनी शील्डच वर ढकललं, नाक ओढलं आणि म्हणाल्या, "ती म्हनती, लय मोटा आवाज हाय."

वैशाली पलीकडून म्हणाली, "तिला सांगा, आमचे कान किटले." मावशींनी ते सांगितलं, आणि अश्विनी इतकी हसली, की वैशालीला टाके घालायचे थांबवून म्हणावं लागलं, "नसीम, हिचं पोट हलतंय. हसवू नका."

टाके पूर्ण होईपर्यंत मी तिथंच उभी होते. करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आकडे सगळे शांत झाले होते. योगेश पाळी संपवून ड्रेसवरच धावत आला, तोवर अश्विनी वॉर्डात पोचली होती. त्यानं दारातूनच खुणेनं विचारलं, आणि तिनं खुणेनं उत्तर दिलं. त्या दोघांत काय बोलणं झालं, ते मी मावशींना विचारलं नाही.

त्यानंतर माझ्या बॅगेत एक पारदर्शक शील्ड कायम असतं. ऐकू येणाऱ्या पेशंटसाठीही मी ते घालते. आणि "सगळं ठीक आहे" हे वाक्य, सगळं ठीक असेल तेव्हाच म्हणते. आधीच्या पेशंटांपैकी किती जणांना खरं ऐकायचं होतं आणि मी गोड बोलून त्यांना गप्प बसवलं, हे आता कळायला मार्ग नाही. ते सगळे मला विसरलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्याच दवाखान्यात दुसरी केस होती. त्याआधी मी वॉर्डात डोकावले. सिस्टर दारातच भेटली. म्हणाली, "मॅडम, कालपासून झोपत नव्हती ती. डोळा लागला की दचकून उठायची, बाळ बघायची. आत्ता पहाटे कुठं झोपली."

अश्विनी कुशीवर वळून गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं होतं. बाळ तिच्या शेजारी, आणि तिचा तळवा बाळाच्या पाठीवर. हौसाबाई खाली चटईवर बसून मेथी निवडत होत्या. घरून कुणी मेथी आणून दिली होती की त्यांनीच मागवली होती, कोण जाणे.

"काय मावशी, कशी आहे सून?" मी नेहमीच्या आवाजात विचारलं.

मावशींनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला, डाक्टरीन बाई."

मी अश्विनीकडं पाहिलं आणि मला हसू आलं. मावशींना ते दिसलं.

"हसताय काय? तुमच्या आवाजानं पोरगी उठंल," त्या कुजबुजल्या. "आन् पोरगी हालली की हिच्या हाताला कळंल. लगी उठती ती."

मी चपला काढल्या, मावशींच्या शेजारी चटईवर बसले, आणि थिएटरमधून बोलावणं येईपर्यंत आम्ही दोघी अगदी हलक्या आवाजात बोलत मेथी निवडत राहिलो.